फोन डब्यात आहे

४ एप्रिल

चि. सौ. रिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आजपासून सगळे लेखी.

पत्र बघून दचकू नकोस. घरी कोणी आजारी नाही, कोणी भांडलेलं नाही. तुझ्या आईशी जे होतं ते मी भांडणात धरत नाही. झालंय एवढंच, की आज सकाळी मी माझा मोबाइल बंद केला, जाड स्टीलच्या डब्यात घातला, झाकण ठोकून बसवलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला. तू सुखरूप मोकळी होईपर्यंत तो तिथेच राहील.

गेले काही दिवस मी वाचतो आहे. गर्भवती बाई आणि मोबाइलच्या लहरी या विषयावर इतकं छापून येतं, की कात्री चालवून माझा अंगठा दुखायला लागला. एक म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो जपा. मी सारी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर काढली, म्हणून मला एवढं कळतं की तारेचं काम सरळ असतं. आवाज इथून निघाला, तिथे पोचला, मधली वाट बोटाने दाखवता येते. ही लहर एकदा सुटली की सुटली. ती भिंत बघत नाही, माणूस बघत नाही, पोटही बघत नाही.

तू म्हणशील, मी माझा फोन कमी वापरीन, तुम्ही तुमचा कशाला बंद केलात? अगं, इकडून लहर निघाली तर जाऊन पोचणार कुठे? तुझ्याकडेच ना. आपल्या गल्लीतली तांब्याची तार कंपनीने गेल्या वर्षी गुंडाळून नेली नसती, तर ही वेळच आली नसती. आपला काळा टेलिफोन अजून टेबलावर आहे. मी रोज पुसतो. तुझी आई म्हणते, एवढ्या प्रेमाने कधी मला विचारलं नाहीत.

तुलाही तसाच एक डबा पार्सलने पाठवला आहे. घरी आलीस की फोन त्यात. उशाशी तर नकोच नको. कामावर तू कानाला लावतेस त्याला वायर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या खोलीत भिंतीवर वायफायची ती पेटी आहे ना, तिच्यापासून खुर्ची लांब घे. जावईबापूंना आशीर्वाद सांग, आणि त्यांचाही फोन जरा पलीकडे ठेवायला सांग.

खांबावर चढलो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आवाज येतोय का. ती खोड काही जात नाही. तेव्हा आवाज पोचल्याचं उलट टपाली कळव.

तुझे बाबा


१० एप्रिल

ती. बाबांना,
वाकायला पोट मध्ये येत असल्यामुळे उभ्यानेच शि. सा. न. वि. वि.

आवाज पोचला. डबाही पोचला. पार्सलवाल्याने तो हलवून बघितला आणि आत काही नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

बाबा, जरा विचार करा. जन्मले तेव्हा टेलिफोनच्या घंटीसारखी रडत होते म्हणून तुम्ही माझं नाव रिंगी पाडलंत. मोठी झाले तर पोटापाण्यासाठी कानाला फोन लावून बसले. आणि आता रिंगीलाच फोनबंदी! आमच्या मदतकक्षात हे सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. मी मात्र माझं पोट आधीच धरलेलं होतं.

तुम्ही नेहमी विचारता की मी तिथे नक्की करते काय, तर ऐका. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि त्याचा आवाज माझ्या कानात येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला घाबरू द्यायचं नाही, हे माझं काम. काल एक आजोबा अडकले होते. त्यांना सोडवायला माणूस पोचला तेव्हा ते म्हणाले, पाच मिनिटं थांबा, मी या मुलीला माझ्या सुनेबद्दल सांगतोय. आमच्या मुख्य बाईंना आम्ही सायरनबाई म्हणतो. त्या हळू आवाजात बोलल्या तरी बाहेरच्या रस्त्यावरची माणसं वळून बघतात. त्यांनी तुमचं पत्र ऐकलं आणि स्वतः उठून माझी खुर्ची खिडकीशी नेली. वायफायसाठी नव्हे, म्हणाल्या, तिथे वारा चांगला येतो.

खरं सांगू? मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे आधी नोंदवून ठेवा. त्या म्हणाल्या, मोबाइलच्या लहरींनी पोटातल्या बाळाला इजा होते, असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांनी शंका काढल्या आहेत, पण त्यातून ठाम काही सांगता येत नाही. ज्याला चिंता वाटते त्याने इअरफोन लावावा, फोन अंगाशी न ठेवता पर्समध्ये ठेवावा, त्यात काही बिघडत नाही. त्यांना राग आहे तो वेगळ्याच गोष्टींचा. अंथरुणात फोन घेऊन झोपेचं खोबरं करणं, जिना उतरताना स्क्रीनमध्ये डोकं घालणं, आणि नको नको ते वाचून स्वतःला घाबरवणं. शेवटचं ऐकून मला कात्री आठवली.

आणि त्यांनी मला एक दम भरला. डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा-हात सुजले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तोच मोबाइल उचलायचा आणि तडक मला करायचा. तेव्हा लहरींचा विचार करायचा नाही. आईलाही हे वाचून दाखवा.

अगदीच बोलावंसं वाटलं तर आमच्या मदतकक्षाचा नंबर खाली लिहिते आहे. तो तारेचा आहे. माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्येही हाच लावलेला आहे. फक्त तिथे फोन करायला माणूस आधी कुठेतरी अडकलेला असावा लागतो.

तुमचा लोभ भिंती ओलांडून पोचतो, तो डब्यात ठेवू नये ही विनंती.

तुमची रिंगी


१५ एप्रिल

चि. रिंगीस आईचे अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र एकटीने वाच.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. डॉक्टरांचा पहिला भाग भराभर, आणि अंगाशी फोन ठेवू नये हा भाग दोनदा. तुझ्या मदतकक्षाचा नंबर काळ्या टेलिफोनच्या वर भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. जुनी सवय. रंगारी आला की मी काय सांगायचं त्याला?

पण तू फार चेष्टा करू नकोस, म्हणून हे लिहिते. गेल्या वर्षी तुझं पहिलं राहिलं नाही, तेव्हापासून हा माणूस मनातून हलला आहे. तुला आठवतं ना, ते जायच्या आधी तू घरी पडून असायचीस आणि हे रोज दुपारी तुला फोन करायचे. तुला एकटं वाटू नये म्हणून तासन्‌तास बोलायचे. तुझ्या शाळेतल्या गमती, खांबावरच्या गमती, काय नि काय. ती लहरींची कात्रणं वाचल्यापासून ह्यांनी मनाशी घेतलं आहे, की आपल्या त्या फोनांमुळेच ते झालं. मला स्पष्ट कधी बोलले नाहीत. परवा मी सहज म्हटलं, करू या का रिंगीला फोन. तर म्हणाले, एकदा करून झाले तेवढे पुरेत. आणि उठून टेलिफोन पुसायला गेले.

मी बरंच समजावलं. आता हात टेकले. तुझ्या डॉक्टरांनी काही सांगितलं तर कदाचित पटेल. मी विचारलं असं मात्र कळू देऊ नकोस.

माझा गुडघा बरा आहे. नववा लागला की मी तिकडे येतेच आहे. वेळेवर जेव, पाय वर घेऊन बस.

तुझी आई


२२ एप्रिल

ती. बाबांना,
या वेळी थट्टा बाजूला ठेवून सा. न. वि. वि.

काल तपासणी होती. बाळाचे ठोके ऐकले. घोडा दौडावा तसे टपटपत होते. निघताना मी डॉक्टरबाईंना आपणहून विचारलं, की मागच्या वेळी मी रोज फोनवर फार बोलायचे, त्याने काही झालं असेल का. माझ्याही मनात ते कुठेतरी होतं, बाबा. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मी तुम्हांला कधी सांगितलं नाही.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जे जातं ते बहुतेक वेळा बीजातच काही जुळलेलं नसतं म्हणून जातं. तुम्ही काही केल्याने किंवा न केल्याने ते थांबलं नसतं. मग विचारलं, फोनवर कोणाशी बोलायचात? मी म्हटलं, वडिलांशी. तर म्हणाल्या, त्या दिवसांत तेवढं एक चांगलं होत होतं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि भरपूर रडले. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला आणि काही न विचारता स्वतःही थोडं रडून घेतलं. मग दोघींनी चहा घेतला. आता मला फार हलकं वाटतं आहे. तुम्हांलाही वाटावं म्हणून हे सगळं लिहिलं.

तरीही डबा मी वापरते आहे. घरी आले की फोन बंद करून डब्यात. संध्याकाळी तुमचे जावई जमीनमोजणीच्या कामावरून फोन करतात तेवढ्यापुरता बाहेर. बाळाला त्याची गरज नाही, पण तुम्हांला आहे, आणि तुम्ही मला बाळाइतकेच आहात. शिवाय संध्याकाळ रिकामी मिळते. मी चक्क विणायला घेतलं आहे. मोजा होणार होता, आता टोपी होईल असं दिसतंय.

माया आहे तशीच राहो.

रिंगी


२ मे

चि. रिंगीस,
आशीर्वाद. नेहमीपेक्षा जास्त.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं. तुझ्या आईने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, विणकाम.

त्या डॉक्टर शहाण्या दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांचं म्हणणं मला पटलं आहे. तरी डबा राहू दे. पटणं डोक्यात होतं आणि भीती पोटात असते, आणि माझं पोट जरा हळू ऐकतं.

मी आता तुझ्या आईच्या फोनवरही बंदी घालणार होतो. पण तिने तो स्वतःच माझ्यापुढे आपटला आणि म्हणाली, घ्या, भरा तुमचा डबा. त्यामुळे दोन्ही फोन एकात आहेत. घरात इतकी शांतता आहे, की काल आम्ही दोघं चक्क एकमेकांशी बोललो. ती बरीच विनोदी बाई आहे. मला कल्पना नव्हती.

टोपी मोठी झाली तर मला पाठव. लोभ चालू ठेवावा, बिल येणार नाही.

तुझे बाबा


२७ जून

ती. आई-बाबांना,
आता उभ्यानेही जमत नसल्यामुळे खुर्चीतूनच सा. न. वि. वि.

सोमवारपासून माझी रजा सुरू झाली. सायरनबाईंनी निरोपाचं भाषण केलं. ते पलीकडच्या इमारतीतल्या लोकांनाही आवडलं असावं, कारण तिकडूनही टाळ्या ऐकू आल्या. जावई तुमचे डोंगराकडच्या मोजणीवर गेले आहेत, शनिवारी येतील. तिथे फोन लागतो न लागतो, म्हणून रोज संध्याकाळी टेकडीवर चढून फोन करतात आणि धापा टाकत विचारतात, की मला दम तर लागत नाही ना.

मी मजेत आहे, फक्त भोपळा झाले आहे. आजवर फक्त पोट होतं, आता तोंडही सामील झालं. सकाळी आरशात बघितलं तर मला माझी आत्याच वाटली. अंगठी साबण लावूनही निघेना, शेवटी तशीच ठेवली. दोन दिवस डोकं धरलं आहे, ते काही सोडत नाही. आणि विणताना अधूनमधून डोळ्यांपुढे चांदण्या चमकतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार. बाबा खूश व्हा, निदान फोनमुळे नाही हे नक्की, कारण फोन सकाळपासून डब्यात आहे. टोपी बाजूला ठेवून जरा पडून राहते. पुढची तपासणी बुधवारी आहेच.

बाळ लाथा मारतं आहे. लाथा सायरनबाईंच्या वळणावर गेल्यासारख्या वाटतात.

कोपऱ्यावरच्या पेटीत आताच टाकून येते, म्हणजे परवा पोचेल. तुमची माया या भोपळ्यावर असू द्या.

रिंगी


२९ जून, दुपार

चि. रिंगीस,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने येत नाही. तुझी आई घेऊन येते आहे. ती आत पिशवी भरते आहे आणि मी इथे लिहितो आहे. मी येत नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो.

आज सकाळी तुझं पत्र आलं. मी नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं. भोपळ्यापाशी हसलो. चांदण्यांपाशी आलो तेव्हा मी मूर्खासारखा म्हणालो, बघ, शेजाऱ्यांचा वायफाय असणार. मान वर केली तर तुझी आई पांढरीफटक. तिने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. एप्रिलमधलं तुझं पत्र तिला तोंडपाठ होतं. डोकं, डोळे, सूज, असं एकेक बोट दुमडत गेली आणि म्हणाली, हेच ते, हेच डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि ही पोरगी चष्म्याला लावतेय.

मग तिने खुर्चीवर चढून डबा काढला. गुडघा तिला नंतर आठवला. झाकण मी इतकं ठोकून बसवलं होतं, की ते आम्हांला उघडेना. आम्ही दोघं जमिनीवर बसून, डबा पायांत धरून ओढत होतो. शेवटी तिने उलथन्याने उचकटलं.

तुला फोन लावला. तुझा फोन डब्यात. जावईबापूंना लावला. ते डोंगरात. डॉक्टरांचा नंबर विचारशील, तर तो तुझ्या फोनमध्ये, म्हणजे पुन्हा डब्यात. रिंगे, आयुष्यभर मी लोकांच्या लाइनी जोडल्या, आणि आज माझ्याच मुलीपर्यंत जाणारी प्रत्येक वाट मी माझ्या हाताने झाकण लावून बंद केली होती.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. पेन्सिलीने लिहिलेला तुझ्या मदतकक्षाचा नंबर. मी तो लावला. पलीकडून आवाज आला तो इतका मोठा, की ओळख विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी विचारलं, कोण अडकलंय. मी म्हटलं, माझी मुलगी. कोणत्या मजल्यावर? तिसऱ्या. गरोदर आहे. लिफ्टमध्ये आहे का, हे त्यांनी विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, डब्यासकट. त्या आवाज चक्क खाली आणून म्हणाल्या, आजोबा, फोन ठेवू नका, माणूस निघाला. मला पहिल्यांदाच कोणीतरी आजोबा म्हटलं, आणि ते असं.

पुढचं तुला माहीत आहे. मला त्यांनी तासाभराने फोन करून कळवलं, की तू दवाखान्यात पोचलीस आणि डॉक्टर शेजारी आहेत. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. बाकीचा अर्धा बाळ बघितल्यावर.

मी येत नाही, कारण बसमध्ये मध्येच रेंज जाते म्हणतात. तुझ्याकडून फोन आला आणि मला लागला नाही, असं आता मला चालायचं नाही. मी फोन टेबलावर ठेवून समोर बसलो आहे. आंघोळीला जाताना शेजाऱ्यांना बसवून जाईन.

आवाज आला की कळव. कधीही कळव.

तुझे बाबा


९ जुलै

ती. बाबांना,
पडून राहायचा हुकूम असल्यामुळे आडव्यानेच सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो आहोत, तरी तुम्ही दर वेळी लाइन मोकळी ठेव म्हणून आटोपतं घेता. म्हणून राहिलेलं लिहिते. पत्रात तरी तुम्ही फोन ठेव म्हणू शकत नाही.

त्या सकाळी मी पलंगावर पडले होते. बेल वाजली. दारात आमचा मेकॅनिक, हातात पान्याची पेटी. म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर गरोदर बाई अडकल्याची तक्रार आहे. मी म्हटलं, चुकलात, लिफ्ट चालू आहे. तो म्हणाला, लिफ्ट मी बघितली, ती ठीक आहे, तक्रार तुमची आहे. त्याने आपला मोबाइल पुढे धरला आणि त्यातून सायरनबाई जिन्यात घुमल्या. बाबा, त्या मला का ओरडताहेत तेच समजेना. मग त्यांनी मला माझेच शब्द ऐकवले, जे मी रोज अडकलेल्या लोकांना सांगते. घाबरू नका, तुम्ही एकट्या नाही, मी लाइनवर आहे, दार उघडतंय. ते ऐकलं आणि मी दारातच बसकण मारली. माझं डोकं किती दुखत होतं ते मला तेव्हा कळलं.

तो मला त्याच्या सामानाच्या गाडीतून घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी रक्तदाब बघितला आणि मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. म्हणाल्या, बुधवारची वाट बघितली असती तर तुमच्या आणि बाळाच्या जिवावर बेतलं असतं. अशा वेळी बाळ बाहेर काढणं हाच उपाय असतो. सगळं झाल्यावर मी त्यांना डब्याची गोष्ट सांगितली. या वेळी मात्र त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, वडिलांना सांगा, काळजी अगदी बरोबर होती, फक्त धोका ते फोनमध्ये शोधत बसले.

मेकॅनिकने कामाचा शेरा काय लिहिला माहीत आहे? लिफ्ट सुस्थितीत, बाईंना बाहेर काढलं. सायरनबाईंनी तो चौकट करून भिंतीवर लावला आहे, वायफायच्या पेटीखाली.

तुमची नात आज काचेच्या पेटीतून बाहेर आली. लहान आहे, पण आवाजात कसर नाही. आईने तिला टोपी घातली. ती हनुवटीपर्यंत आली. टोपी तुमच्यासाठी ठेवते आहे.

डब्याचं काय करू? आई म्हणते तिच्या बटणांना हवाय. बाबा, तुमच्यावर माझा कसलाही राग नाही. उलट तुम्ही भिंतीवर पेन्सिलीने लिहिता याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. आता या. रेंज गेली तर जाऊ दे, इथे आम्ही तिघी सापडू.

तुमची, आणि आता आणखी एकीची, रिंगी


१२ जुलै

चि. बिननावीस,
आजोबांचे पहिले लेखी आशीर्वाद.

तुझं नाव अजून ठरायचं आहे आणि तुला वाचताही येत नाही, तेव्हा या पत्राला घाई नाही. उद्या मी बसने येतो आहे, पत्र माझ्याच खिशात आहे. मोठी झालीस की तुझी आई देईल. तेव्हा ती माझ्याबद्दल डब्याच्या गोष्टी सांगेल. त्या सगळ्या खऱ्या आहेत.

तुला एक सांगायचं आहे. तुझ्या आजीने मला फोन केला तेव्हा तू जन्मून थोडाच वेळ झाला होता. तिने नुसता फोन तुझ्याजवळ धरला. मी इकडे कान लावून उभा होतो. उभा, कारण बसायचं सुचलं नाही. पलीकडे कोणीतरी खुरखुरलं, थांबलं, आणि मग तू अशी काही वाजलीस, की मला तुझ्या आईच्या जन्माची सकाळ आठवली. तेच सूर, तीच चिकाटी. मध्ये कुठे खांब नाही, कुठे तार नाही, आणि तरी एक खरखर नाही.

सारी नोकरी मी पलीकडच्याला एकच गोष्ट विचारत आलो, की आवाज येतोय का. त्या दिवशी मला विचारावं लागलं नाही. तू ओरडत होतीस आणि मीच सांगत होतो, येतोय, बाळ, येतोय, स्पष्ट येतोय. तुझी आजी म्हणते, मी हे इतका वेळ म्हणत होतो की तू रडून दमलीस, झोपलीस, तरी मी थांबलो नाही.

काळा टेलिफोन पिशवीत घेतला आहे. त्याला तार नाही, लहर नाही, त्यामुळे कोणत्याही वयाला चालतो. तो तुझा. मोबाइल वरच्या खिशात आहे, चालू आहे, आणि आता चालूच राहील.

माया असू दे, आणि कधीही वाजत जा.

तुझे आजोबा